आकाशातून धातूचा ठाव

नाशिकच्या भांडीबाजारातून जाताना तांब्याच्या हंड्यांच्या, घागरींच्या आणि बंबांच्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचे नाव फार जुने आहे. पण हे तांबे येते कोठून, असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे का? नाशिक जिल्ह्यात तांब्याची खाण नाही, शेजारच्या जिल्ह्यांतही नाही. आणि ही केवळ आजची गोष्ट नव्हे. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिक व संगमनेरजवळचे जोर्वे या दोन ठिकाणी उत्खनन केले. जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी शेती करणाऱ्या त्या लोकांनाही तांबे दूरदेशाहूनच मिळवावे लागले असणार. कारण त्यांच्या पायाखाली होता तो नुसता काळा फत्तर.

हा काळा फत्तर म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत ते याच थरांचे बनले आहे. या थरांत तांब्याच्या, जस्ताच्या किंवा शिशाच्या खाणी काढण्याजोगे साठे नाहीत. पण थांबा. लाव्हा पसरला तो कशावर? त्याच्याखाली त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. असेच प्राचीन खडक नागपूर, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत उघडे पडले आहेत आणि तेथे मँगनीज, लोह, तांबे व जस्त यांची धातुके सापडली आहेत. मग नाशिकच्या फत्तराखाली काय दडले आहे? ते न खणता कसे कळावे?

खणून पाहणे हा सर्वांत खात्रीचा उपाय, पण सर्वांत महागडा. शंभर मीटर वेधन करायचे तर यंत्र, पाणी, माणसे, दिवस सारे लागते, आणि हाती येतो तो मनगटाएवढ्या जाडीचा दगडी दांडा. शेजारी वीस मीटरवर काय आहे हे तो दांडा सांगत नाही. हजारो चौरस किलोमीटरच्या प्रदेशात कोठे वेधन करायचे, हाच खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यासाठी भूवैज्ञानिकांनी एक विलक्षण युक्ती काढली. ते विमानात बसले आणि वरूनच जमिनीत वीज खेळवू लागले.

तारेवाचून वीज

जमिनीला हात न लावता तिच्यात विद्युत्प्रवाह कसा सुरू करता येईल? याचे मर्म १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी शोधून काढले. वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात आपोआप विद्युत्प्रवाह सुरू होतो. यालाच विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन म्हणतात. तुमच्या पाठ्यपुस्तकात हे आहे, पण तेथे तारेचे वेटोळे असते. तारेऐवजी धातूचा सलग पत्रा असला तरी त्यात प्रवाह सुरू होतो. तो पाण्यातील भोवऱ्यासारखा गोल फिरतो. आपण त्याला भोवरा-प्रवाह म्हणू.

भोवरा-प्रवाह डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचा जोर तुम्हाला घरी अनुभवता येईल. एक लहान पण शक्तिशाली चुंबक दोऱ्याला बांधा आणि लाकडी पाटावर, पाटाला जेमतेम न टेकेल असा, लंबकासारखा झुलवा. तो बराच वेळ झुलत राहील. आता त्याच्याखाली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड तबकडी ठेवा. ॲल्युमिनियमचा जाड तवाही चालेल. तांबे आणि ॲल्युमिनियम यांना चुंबक ओढत नाही, हे तुम्ही जाणताच. तरीही लंबकाचे झोके झपाट्याने मंदावतील, जणू कोणी मधात बुडवले आहे. चुंबक हलल्याने तबकडीत भोवरा-प्रवाह निर्माण झाले, त्या प्रवाहांनी स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उभे केले आणि त्या क्षेत्राने चुंबकाला अडवले. पत्रा फार पातळ असेल तर परिणाम जाणवणार नाही, म्हणून जाडच घ्या.

विमानातील यंत्र नेमके हेच करते. फरक इतकाच की तेथे झुलत्या चुंबकाऐवजी तारेचे मोठे वेटोळे असते आणि तबकडीच्या जागी जमिनीखालचा खडक. वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते. हे झाले मूळ क्षेत्र. खाली एखादा विजेचा सुवाहक असेल तर त्यात भोवरा-प्रवाह सुरू होतात आणि त्यांचे दुसरे, अगदी क्षीण क्षेत्र वर येते. ते पकडायला दुसरे लहान वेटोळे असते. एक वेटोळे विचारणारे, दुसरे ऐकणारे.

पण ऐकणार कसे? मूळ क्षेत्र प्रचंड, खालून येणारे उत्तर त्याच्या तुलनेत दशलक्षांशात मोजण्याइतके. ढोल-ताशांच्या पथकात उभे राहून शेजाऱ्याची कुजबूज ऐकण्याचाच हा प्रकार. पूर्वी यावर उपाय म्हणून ऐकणारे वेटोळे विमानापासून शक्य तितके दूर, लांब दोरखंडाच्या टोकाला एका लहानशा पेटाऱ्यात बसवून मागे ओढत नेत. या पेटाऱ्याला सर्वेक्षकांच्या बोलीत 'पक्षी' म्हणतात. पुढे कॅनडातील अँथनी बॅरिंजर यांनी आणखी साधी आणि म्हणूनच सुंदर वाट शोधली. ढोल अचानक थांबवायचा आणि त्या शांततेत कान द्यायचा! वेटोळ्यात प्रवाहाचा झटका द्यायचा, तो एकाएकी तोडायचा आणि नंतरच्या काही सहस्रांश सेकंदांत खालून काय येते ते नोंदायचे. असे झटके दर सेकंदाला कित्येकदा देता येतात.

झटका तोडल्यावर जमिनीतील भोवरा-प्रवाह लगेच नाहीसे होत नाहीत. देवळातली घंटा आणि मातीचे मडके यांवर टिचकी मारून पाहा. मडके 'टप्' करून गप्प बसते, घंटेचा नाद रेंगाळतो. सामान्य खडक मडक्यासारखा. त्यातला प्रवाह पाहता पाहता विरून जातो. धातूचे भरघोस धातुक घंटेसारखे. त्यातला प्रवाह कितीतरी वेळ घुमत राहतो. 'कितीतरी' म्हणजे अर्थात दहा-वीस सहस्रांश सेकंद, पण यंत्राला तेवढे पुरते. शिवाय हे प्रवाह आधी पृष्ठभागाजवळ असतात आणि काळानुसार खोल व रुंद पसरत जातात. म्हणून झटक्यानंतर लगेच आलेले उत्तर वरच्या थराचे आणि उशिरा आलेले खालच्या थराचे. याला प्रतिध्वनी म्हणण्याचा मोह होतो. काही पुस्तकांत तसे म्हटलेलेही आढळते. पण येथे काही आदळून परत येत नाही. पाण्यात टाकलेला शाईचा थेंब जसा पसरतो, तसा प्रवाह खडकात पसरतो.

कोणता खडक बोलतो?

एक मीटर लांब, रुंद व उंच अशा खडकाच्या ठोकळ्याचा विजेला होणारा विरोध म्हणजे त्या खडकाची रोधकता. ती ओहम-मीटरमध्ये मोजतात. सलग, कोरड्या काळ्या फत्तराची रोधकता शेकडो, कधी हजारो ओहम-मीटर भरते. तोच फत्तर भेगाळलेला व पाण्याने भरलेला असेल तर ती काही दशकांवर येते. ओली काळी माती दहाच्याही खाली जाते. तांबे आणि लोह यांची गंधकाशी झालेली संयुगे, म्हणजे चाल्कोपायराइट, पायराइट वगैरे खनिजे, एकमेकांना चिकटून मोठ्या गोळ्यासारखी साचलेली असली तर तो गोळा एक ओहम-मीटरहूनही कमी रोध दाखवतो. म्हणजे आजूबाजूच्या खडकापेक्षा हजारपटीने चांगला वाहक! हजारपटीचा फरक निसर्गात क्वचितच सापडतो, आणि ही पद्धत त्याच्याच जोरावर उभी आहे.

यात एक गंमत आहे. जस्ताचे मुख्य धातुक स्फॅलेराइट हे जवळजवळ दुर्वाहक आहे. मग जस्त कसे शोधायचे? जस्त सहसा एकटे राहत नाही. पायराइट, चाल्कोपायराइट, शिशाचे गॅलिना असे सोबती त्याच्याबरोबर असतात आणि ते बोलके असतात. सोबत्यांच्या बडबडीवरून अबोल जस्ताचा पत्ता लागतो.

प्रवाह किती खोल जातो याचा अंदाज तुम्हीही काढू शकता. क्षेत्र दर सेकंदाला जितक्या वेळा बदलते ती त्याची कंप्रता. रोधकतेला कंप्रतेने भागा, वर्गमूळ काढा आणि ५०० ने गुणा. उत्तर मीटरमध्ये मिळेल. या खोलीवर मूळ क्षेत्राचा जोर सुमारे ३७ टक्के उरतो. खडक १०० ओहम-मीटरचा आणि कंप्रता १००० असेल, तर उत्तर सुमारे १५८ मीटर. कंप्रता १०० केली तर ५०० मीटर. पण वरचा थर ५ ओहम-मीटरच्या ओल्या चिकणमातीचा असेल, तर १००० कंप्रतेला जेमतेम ३५ मीटर! म्हणजे सुवाहक मातीचा जाड थर हा या पद्धतीला छत्रीसारखा आड येतो. मग कंप्रता कमी कमी करत पाताळ का गाठू नये? कारण फॅरडे यांचाच नियम वाट अडवतो. क्षेत्र जितके सावकाश बदलेल तितके भोवरा-प्रवाह दुबळे होतात आणि उत्तर गोंगाटात बुडते. सध्याच्या चांगल्या यंत्रांनाही अनुकूल जागी तीनशे ते पाचशे मीटरच्या पलीकडचे फारसे विश्वासाने सांगता येत नाही.

आता नाशिकचाच एक पुरलेला धातू घेऊ. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी या गोदाकाठच्या गावी क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. पराभूत राजाचे नाणे विजेत्याच्या छापाने चालू करण्याचा हा बोलका पुरावा, इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही वाचला असेल. ही नाणी पुरलेली असताना वरून विमान गेले असते, तर त्याला ती दिसली असती का? प्रत्येक नाणे साधारण दोन ग्रॅमचे. म्हणजे सारा ठेवा पंचवीस-तीस किलोचा, एका हंड्यात मावेल एवढा. लहान वस्तूच्या बाबतीत अंतर दुप्पट झाले की उत्तर चौसष्टपटीने क्षीण होते. जाताना क्षेत्र अंतराच्या घनाने घटते आणि येताना पुन्हा घनाने. म्हणून सहावा घात. एक मीटरवर जे उत्तर मिळेल, ते चाळीस मीटरवर चारशे कोटी पटींहून क्षीण. तेव्हा गुप्तधन शोधण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. विमानाला हंडा दिसत नाही. त्याला दिसतो तो शेकडो मीटर लांब आणि लक्षावधी टन वजनाचा धातुकाचा पट्टा.

एक खाण, एक खटला

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडात या पद्धतीची वाढ झाली. तेथे प्राचीन, कठीण, दुर्वाहक खडक मैलोगणती पसरलेले, त्यावर जंगल आणि दलदल; पायी हिंडणे कठीण, आणि काळ्या मातीची छत्रीही नाही. जणू या पद्धतीसाठीच घडवलेला प्रदेश. १९५४ मध्ये न्यू ब्रन्सविक प्रांतात हीथ स्टील येथील साठा अशा उड्डाणातून सापडला. पण सर्वांत गाजला तो किड क्रीकचा शोध.

टेक्सास गल्फ सल्फर या कंपनीने १९५७ पासून कॅनडाच्या त्या प्रदेशावर उड्डाणे करविली. टिमिन्स गावाजवळ एके जागी यंत्राच्या काट्याने मोठी उसळी मारली. अशा इतरही उसळ्या मिळाल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक फसव्या निघतात हे सर्वांना ठाऊक होते. शिवाय जमीन दुसऱ्याची. ती मिळवण्यात वर्षे गेली. अखेर नोव्हेंबर १९६३ मध्ये पहिले वेधन झाले आणि ६५५ फुटांवर थांबवले. वर आलेल्या दगडी दांड्यात सरासरी सव्वा टक्क्याच्या आसपास तांबे आणि आठ टक्क्यांहून अधिक जस्त, शिवाय चांदी! इतके समृद्ध धातुक सहसा पाहायलाही मिळत नाही.

पुढची हकिगत विज्ञानाची नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. आजूबाजूची जमीन स्वस्तात मिळावी म्हणून कंपनीने ही बातमी दडवली. वेधन केलेल्या जागेवर झाडांच्या फांद्या तोडून रोवल्या, यंत्र दुसरीकडे हलवले आणि काही मिळणार नाही अशा जागी मुद्दाम वेधन करून कोरा दगड लोकांना दाखवता येईल अशी सोय केली. दरम्यान कंपनीतल्याच काही मंडळींनी तिचे शेअर विकत घेतले. १२ एप्रिल १९६४ रोजी कंपनीने शोधाच्या अफवा अतिरंजित आहेत असे पत्रक काढले आणि चारच दिवसांनी अडीच कोटी टनांच्या साठ्याची घोषणा केली. प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेले. आतली खबर वापरून शेअर घेणे हा इतर भागधारकांवर अन्याय आहे, हा १९६८ चा त्यातील निकाल आजही वकिलांना अभ्यासावा लागतो. खाण मात्र १९६६ मध्ये सुरू झाली आणि पुढे सुमारे तीन किलोमीटर खोल गेली. विमानाने पाहिले होते ते तिचे केवळ डोके.

भारतात हे तंत्र १९६७ मध्ये मोठ्या प्रमाणावर आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने अमेरिकेच्या साहाय्याने 'ऑपरेशन हार्ड रॉक' ही मोहीम हाती घेतली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि त्या वेळचा बिहार, म्हणजे आजच्या झारखंडातील सिंहभूमचा तांबेपट्टा, या भागांवर विमाने फिरली. त्यांत विद्युत्-चुंबकीय यंत्राबरोबर खडकांचे चुंबकत्व मोजणारे आणि किरणोत्सार मोजणारे यंत्रही होते. एकाच फेरीत तीन प्रश्न विचारण्याची ही रीत शहाणपणाची आहे, कारण विमान उडवण्याचा खर्च तोच राहतो. या मोहिमेतून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात हवाई सर्वेक्षणाचा स्वतंत्र विभागच उभा राहिला.

तरीही राजस्थानातील सर्वांत मोठा जस्ताचा साठा, भिलवाड्याजवळचा रामपुरा-आगुचा, १९७७ मध्ये सापडला तो पायी हिंडणाऱ्या भूवैज्ञानिकांना. धातुक वरच्या बाजूने गंजले की तांबूस-काळपट, सच्छिद्र टोपीसारखा दगड उरतो. तो त्यांनी ओळखला. विमान आले म्हणून हातोडा आणि भिंग यांची सुटी झाली, असे कोणी समजू नये.

फसवे काटे

काटा उसळला म्हणजे धातू सापडला, असे असते तर भूवैज्ञानिकांची गरजच उरली नसती. सर्वांत मोठा फसव्या म्हणजे ग्राफाइट. तुमच्या पेन्सिलीतला हा काळा पदार्थ विजेचा उत्तम वाहक आहे आणि प्राचीन खडकांत त्याचे पट्टेच्या पट्टे असतात. वरून तो आणि तांब्याचे धातुक सारखेच बोलतात. खारट पाणी, मिठागरे, जाड चिकणमाती हेही त्याच जातीचे. आणि माणसाने उभारलेले लोखंड तर सगळीकडे.

आपण कल्पनेनेच नाशिकवर एक फेरी मारू. प्रत्यक्षात ती मारणे सोपे नाही. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, ओझरला विमानांचा कारखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना; परवानग्यांची फाइलच विमानाइतकी जड होईल. पण समजा, परवानगी मिळाली. आपले हेलिकॉप्टर ताशी ऐंशी-शंभर किलोमीटरच्या वेगाने निघाले आहे. ओझरच्या कारखान्यात बांधली गेलेली सुखोई ज्यांनी आकाशात पाहिली आहेत, त्यांना हा वेग बैलगाडीचा वाटेल. खाली लोंबणारे षट्कोनी वेटोळे जमिनीपासून तीस-चाळीस मीटरवर ठेवायचे आहे. दोन-दोनशे मीटर अंतरावर समांतर रेषा आखल्या आहेत आणि शेत नांगरावे तसे इकडून तिकडे जायचे आहे. वैमानिकाचे काम फार जोखमीचे असते. विजेची तार एवढ्या उंचीवर सर्वांत मोठा शत्रू.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राजवळ पोचताच नोंदी वेड्यावाकड्या होतात. तेथून निघणाऱ्या तारांतील प्रवाह सेकंदाला पन्नास फेरे घेतो आणि आपल्या ऐकणाऱ्या वेटोळ्यात तोच घुमतो. मनमाड-नाशिकरोड-इगतपुरी रेल्वेमार्गावर पुन्हा तेच. या नोंदी सरळ वगळाव्या लागतात. मग निफाड आणि दिंडोरी येते आणि काटा एकदम उसळतो! धातू? एकरामागून एकर पसरलेला सुवाहक? खाली पाहा. द्राक्षबागा आहेत. लोखंडी अँगल जमिनीत रोवलेले आणि त्यांवर वेलींसाठी ताणलेल्या तारा. अँगल, तार, पुन्हा अँगल आणि खालची ओली जमीन मिळून विजेसाठी बंद वाट तयार होते, म्हणजे आयतेच वेटोळे. परदेशांतही कुंपणाच्या तारा आणि द्राक्षमळे सर्वेक्षकांना असेच छळतात. म्हणूनच विमानात कॅमेरा असतो आणि नंतर प्रत्येक उसळी चित्राशी ताडून पाहावी लागते. जी उसळी तार, रूळ, नळ, कुंपण यांपैकी कशानेच उलगडत नाही, तिच्या जागी माणसे पायी जातात, जमिनीवरून पुन्हा मोजतात आणि तेही जुळले तरच वेधन करतात.

आणि फत्तराखालचे ते जुने खडक? तेथे मात्र आपले हेलिकॉप्टर हात टेकते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे वेधन केले तेव्हा ३३८ मीटरवर फत्तर संपला. कोयनेजवळ रासाटी येथे तो संपायला सुमारे ९३३ मीटर लागले. सह्याद्रीच्या रांगांत उघड्या दिसणाऱ्या थरांची एकूण जाडी तर दीड किलोमीटरहून अधिक भरते. आपली नजर तीनशे-पाचशे मीटरची. एवढ्या फत्तराखाली तांबे असलेच, तरी ते हवेतून दिसणार नाही. आणि दिसले तरी एवढ्या खोलीवरून काढणे परवडले पाहिजे.

मग नाशिकवर ही फेरी व्यर्थ म्हणायची का? मला तसे वाटत नाही. तुम्ही पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातले असाल तर पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात टँकरची वाट, हे दोन्ही पाहिले असेल. येवला-सिन्नरकडे तर पाऊसही बेताचा. फत्तरात पाणी राहते ते भेगांत, मुरमाड झिजलेल्या पट्ट्यांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. एकाच्या विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याची बोअर कोरडी जाते, याचे कारण हेच. शेतकरी कर्ज काढून बोअर घेतो. जागा दाखवतो हातात नारळ किंवा फांदी धरून फिरणारा पाणाडी. पाणी लागले तर पाणाड्याचे नाव होते, न लागले तर नशिबाला बोल लावायचा.

कोरडा फत्तर आणि पाणी भरलेला फत्तर यांच्या रोधकतेतला फरक तुम्ही मघाशी पाहिलाच. धातुकाइतका तो मोठा नाही, पण यंत्राला पुरेसा आहे. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठात भूजलाचे नकाशे काढण्यासाठीच हेलिकॉप्टरखाली टांगायचे एक यंत्र तयार झाले. २०१३-१४ च्या सुमारास केंद्रीय भूजल मंडळाने हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या मदतीने ते भारतात सहा ठिकाणी वापरून पाहिले. राजस्थानचे वाळवंट, बिहारमधील गंगेचा गाळ, कर्नाटकातील ग्रॅनाइट, तमिळनाडूचा किनारा असे मुद्दाम निरनिराळे नमुने निवडले होते. काळ्या फत्तराचा नमुना म्हणून निवड झाली ती आपल्या नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा नदीच्या पाणलोटाची. (पंढरपूरची चंद्रभागा ही नव्हे.) तेथे फत्तराचा थर सह्याद्रीसारखा जाड नाही. पुढे याच संस्थेने प्रयागराजजवळ गंगा-यमुनेच्या मधोमध गाडलेले, सुमारे ४५ किलोमीटर लांबीचे जुन्या नदीचे पात्र याच पद्धतीने शोधले, आणि २०२१ मध्ये राजस्थान, गुजरात, हरियाणा या कोरड्या प्रदेशांसाठी अशी उड्डाणे सुरू झाली.

हेलिकॉप्टरच्या नकाशावरून प्रत्येक विहिरीची जागा ठरेल असे मात्र नाही. फत्तरातील पाण्याची भेग हातभर रुंदीचीही असू शकते, आणि तीस मीटर वरून ती सुटी दिसत नाही. दिसतो तो भेगाळलेला पट्टा, एखाद्या गावाच्या शिवाराएवढा. त्या पट्ट्यात नेमकी बोअर कोठे घ्यायची हे जमिनीवर चार लोखंडी सळया ठोकून, त्यांतून वीज सोडून मोजावे लागते. दोन बाहेरच्या सळयांतून प्रवाह सोडायचा आणि दोन आतल्या सळयांमध्ये विभवांतर मोजायचे. एवढ्यावरून रोधकता निघते. शाळेच्या मैदानावर, बॅटरी आणि बहुमापक वापरून, तुमच्या विज्ञानशिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग तुम्हीही करू शकता. मात्र नोंद घेतल्यावर दर वेळी बॅटरीची टोके उलटी जोडून पुन्हा मोजा आणि दोन्ही वाचनांची सरासरी घ्या. कारण ओल्या मातीत रोवलेली सळई स्वतःच एका लहानशा विद्युत्घटासारखी वागते आणि पहिल्याच वाचनात तुम्हाला चकवते.